चढ हाच अध्यक्ष

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी साडेसहाला आठ जणांचा एखादा घोळका चढायला लागतो, तेव्हा शहराच्या वाहतुकीचा प्रश्न जसाच्या तसा पडून असतो. पहिल्या वळणापर्यंत दोन उड्डाणपूल बांधून होतात. दुसऱ्या वळणावर त्यातला एक चुकीच्या चौकात आहे असं ठरून पाडूनही होतो. खाणीपाशी पोहोचेपर्यंत पीएमपीच्या गाड्या दुप्पट झालेल्या असतात, मेट्रो सासवडला टेकलेली असते आणि दुचाक्यांना एक दिवसाआड उपास घडलेला असतो. हे सगळं माकडटोपी, मफलर आणि मुलाने अमेरिकेहून आणलेले, एक नंबर मोठे पडणारे बूट अशा वेषात चाललेलं असतं. खाली राहणारी माणसं याला रिकामटेकड्यांच्या गप्पा म्हणून हसतात. त्या शब्दातच टेकडी आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. माझं म्हणणं मात्र असं आहे की चार डोकी एकत्र आणून त्यांतून काही नवं बाहेर काढायच्या ज्या युक्त्या माणसाने आजवर केल्या, त्यांत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत भरवशाची युक्ती म्हणजे चढ. कारण मोकळी हवा नव्हे. मोकळी हवा गच्चीवरही मिळते. कारण शिस्त. सभेला जी शिस्त कुठलाही अध्यक्ष लावू शकत नाही ती चढ लावतो, आणि तीही हार-नारळ न घेता.

कचेरीत ज्याला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात त्याला आपण विचारमंथन असा भारदस्त शब्द केला, तेव्हा आपल्या हातून नकळत फार नेमकी गोष्ट झाली. मूळ मंथन पाहा. ते वातानुकूलित खोलीत झालं नाही. उघड्यावर झालं, मध्ये अख्खा मंदार पर्वत होता, देव आणि दानव असे दोन गट वासुकीला धरून घाम गाळत होते, आणि त्यातून चौदा रत्नं निघाली. सामुदायिक मैदानी व्यायामातून इतकं उत्पादन नंतर कोणाला जमलेलं नाही. शिवाय पहिल्या झटक्याला निघालं ते हलाहल, हा तपशील फार महत्त्वाचा आहे. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरातवाल्याला, म्हणजे बीबीडीओ या अमेरिकी कंपनीच्या नावातल्या शेवटच्या ‘ओ’ला, ही कथा माहीत असण्याचं कारण नाही. पण त्याने 1948 आणि 1953 च्या आपल्या पुस्तकांतून विचारमंथनाचे जे चार नियम जगभर पोहोचवले, त्यांत तोच हिशेब आहे: सुचेल ते बोला, जितकं जास्त तितकं बरं, दुसऱ्याच्या कल्पनेला आपली कल्पना जोडा, आणि हे चालू असताना टीका करू नका. आधी हलाहल निघणार, ते निघू द्या, दोरी सोडू नका. फक्त ते गिळायला गटात एखादा निळकंठ लागतो. टेकडीवरच्या प्रत्येक घोळक्यात तो असतो. सगळ्यांच्या मागून चालतो, काही बोलत नाही आणि घरी त्याचंही कोणी ऐकत नाही.

चारांपैकी तीन नियम मराठी माणूस आनंदाने पाळील. चौथा पाळणं त्याच्या पिंडात नाही. टीका करू नका असं सांगितलं की तो आधी त्या नियमावर टीका करतो. ऑस्बॉर्नच्या पद्धतीत यासाठी एक सूत्रधार नेमतात आणि तो घंटी वाजवून टीकाकाराला गप्प करतो. आपल्याकडे घंटी वाजली तर लोक आरतीला उभे राहतील. इथे चढ कामाला येतो, आणि तो कसा येतो हे समजायला आपलं व्याकरण बघावं लागतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘तुम्ही आत्ता जी योजना मांडलीत ती, तिचा खर्च आणि तिची व्यवहार्यता लक्षात घेता, मला मुळीच पटलेली नाही’ हे वाक्य खुर्चीत बसून सहज पुरं होतं. सत्तरीच्या फुप्फुसांनी, चढावर, ते ‘खर्च आणि तिची’पाशी पहिला श्वास मागतं, ‘व्यवहार्यता’पाशी दुसरा, आणि ‘पटलेली’पाशी माणूस कमरेवर हात ठेवून थांबतो. ‘नाही’ पोटातच राहतं. ऐकणाऱ्याच्या कानी ‘पटलेली’ एवढंच पडतं आणि तो उत्साहाने पुढची योजना सांगायला घेतो. होकार एका श्वासात मावतो, ‘वा!’ तर अर्ध्यात. टीकेला मात्र पोटवाक्यं लागतात. म्हणून चढावर कौतुक टिकतं आणि टीका गळते. ऑस्बॉर्नचा नियम असा कोणी न सांगता पाळला जातो.

यावर पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि तो टाळता येणार नाही. मुळात गटाने बसून कल्पना काढणं हेच फोल आहे, असा पुरावा ऑस्बॉर्नच्या हयातीतच आला. येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी 1958 साली चौघाचौघांचे गट बसवले, आणि दुसरीकडे चार-चार माणसांना एकेकटं बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र मोजल्या. एकेकट्यांची बेरीज गटाच्या जवळजवळ दुप्पट भरली. का, हे 1987 मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी छान दाखवलं: गटात एका वेळी एकच जण बोलतो, बाकीचे पाळीची वाट बघत बसतात, आणि वाट बघता बघता स्वतःला काय सुचलं होतं तेच विसरतात. हे वाचून पंगतीत श्रीखंडाची वाट बघताना भाताची भूक मरते त्याची आठवण व्हावी. पण हा आक्षेप टेबलाभोवती बसलेल्या गटावर आहे. टेकडीवर टेबल नसतं, पायवाट असते, आणि पायवाटेवर शेजारी शेजारी दोनच माणसं मावतात. आठ जण चढायला लागले की शंभर पावलांत त्यांच्या चार जोड्या होतात. एका वेळी चौघे बोलतात, चौघे ऐकतात, पाळीची वाट कोणालाच बघावी लागत नाही. बाहेरून दिसतो तो गट. आतून ती चार स्वतंत्र अधिवेशनं असतात.

या जोड्या कायमच्याही नसतात, आणि खरी गंमत तिथे आहे. ज्याच्याबरोबर चालायचं त्याच्या तोंडी कालचाच मूळव्याध आला, की शहाणा माणूस ‘व्हा पुढे, आलोच’ म्हणून खाली वाकतो आणि बुटाची नाडी बांधतो. नाडी सुटलेली नसतेच. पण तेवढ्यात मागची जोडी येते, तिची त्रिमूर्ती होते, त्रिमूर्ती वाटेत मावत नाही म्हणून एक जण पुढे सरकतो, आणि नव्या जोड्या पडतात. मागच्या जोडीत निघालेली कल्पना अशी पुढच्या जोडीत पोहोचते, वाटेत थोडी मोडते, थोडी सुधारते आणि शेवटी ज्याने सुचवली त्यालाच ऐकवली जाते. तो ती ओळखत नाही आणि म्हणतो, ‘हे बरंय!’ व्यवस्थापनाच्या वर्गात हेच करायला रंगीत चिठ्ठ्या, शिट्टी आणि एक हसतमुख प्रशिक्षक लागतो.

आता पायांकडे वळू. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेरिली ओपेझो आणि डॅनिएल श्वार्ट्झ यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण अर्धेच. नेहमीच्या वस्तूंचे, उदाहरणार्थ बटणाचे, आणखी काय काय उपयोग होतील हे लोकांना बसून आणि चालताना विचारलं. चालताना नव्या कल्पनांचं उत्पादन सरासरी साठ टक्क्यांनी वाढलं. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चाललं तरी वाढलं, म्हणजे श्रेय पायांचं. काही जणांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर फिरवून आणलं, तर मोकळ्या जागेचाही थोडा वेगळा परिणाम दिसला. तेव्हा गुडघ्यांमुळे टेकडीखालच्या बाकावर बसणाऱ्यांनी अगदीच नाउमेद होऊ नये. चालून येऊन खुर्चीत बसल्यावरही हा परिणाम काही वेळ टिकतो, हे टेकडीखालच्या चहाच्या टपरीला शास्त्राचं मिळालेलं प्रशस्तिपत्रच म्हणावं. जे अर्धं सांगितलं जात नाही ते असं: तीन शब्दांना जुळणारा एकच नेमका शब्द शोधा, अशा एका-उत्तराच्या कोड्यांत चालणारे बसलेल्यांपेक्षा किंचित मागे पडले. थोडक्यात, चालताना खूप सुचतं. बरोबर सुचेलच असं नाही. वेताळ टेकडीवरची मेट्रो सासवडला का जाते याचा याहून सरळ खुलासा नाही.

दुसरा आक्षेप डॅनिएल कानेमन यांचा. हे नोबेल मिळालेले गृहस्थ फिरण्याचे शौकीन. त्यांनी आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की मैलाला सतरा मिनिटं अशा रमतगमत चालीत विचार उत्तम चालतो, पण मैल चौदा मिनिटांत काटायला घेतला की विचारांची साखळी तुटते. सगळं लक्ष वेग टिकवण्यातच जातं. मग चढावर धापा टाकताना काय कपाळ सुचणार? आक्षेप बरोबर आहे. फक्त कानेमन यांना आपल्याकडची ‘दृश्य बघायला थांबणे’ ही संस्था माहीत नव्हती. मराठी माणूस चढावर दमत नाही. तो दृश्य बघतो. समोर धुक्यात तेच ते कोथरूड असतं, काल होतं तेच, पण त्याच्याकडे तो असा बघतो की जणू आजच वसलंय. या थांब्यांवर, श्वास परत येण्याच्या त्या मिनिट-दोन मिनिटांत, चढताना जे डोक्यात गोळा झालं ते तोंडावाटे बाहेर पडतं. ही केवळ विनोदाची बाब नाही. 1938 च्या नाताळात स्वीडनमधल्या कुंगेल्व्ह गावी भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइट्नर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश असेच बर्फात बाहेर पडले. भाच्याच्या पायांत स्की, मावशी म्हणाली मी पायीच तेवढ्या वेगाने येते, आणि आली. बर्लिनहून रसायनशास्त्रज्ञ ओटो हानचं पत्र आलं होतं: युरेनियमवर न्यूट्रॉन मारले तर बेरियम कसं काय मिळतं? अणूचं केंद्रक थेंबासारखं लांबून मधोमध तुटत असेल ही कल्पना त्या फेरफटक्यात आकाराला आली. आणि मग दोघं एका ओंडक्यावर बसली, कागदाच्या कपट्यांवर हिशेब केला, तो जुळला. सुचणं चालीत, आकडेमोड ओंडक्यावर. स्टॅनफर्डच्या प्रयोगाचा निष्कर्ष मावशी-भाच्याने 76 वर्षं आधी तंतोतंत पाळला होता. आपल्या टेकडीवरून निघणाऱ्या योजनांत ओंडक्याची पायरी तेवढी गाळली जाते.

कंपन्यांना याचा सुगावा लागला आहे, हे मात्र काळजीचं. आता मुळशीच्या किंवा लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर अख्खं खातं नेतात, सगळ्यांना एकाच रंगाचे, एकाच मापाचे टी-शर्ट वाटतात, हिरवळीवर उड्या मारायला लावतात आणि दम खाली बसायच्या आत ‘आता आउट ऑफ द बॉक्स विचार करा’ असं माइकवरून सांगतात. हे जमत नाही, आणि दोष कर्मचाऱ्यांचा नाही. एक तर हिरवळ सपाट असते. सपाटीवर साहेबाचा श्वास शाबूत राहतो आणि साहेब बोलतच राहतो. तोच साहेब पर्वतीच्या पायऱ्यांवर घाला. शंभरावर पायऱ्या आहेत, त्यांतल्या साठाव्या पायरीवर पगार आणि पोट यांचं प्रमाण उघडं पडतं आणि कालच लागलेली पोरगी बिनदिक्कत बोलायला लागते, कारण ती वरच्या पायरीवर असते आणि तिला दम लागलेला नसतो. दुसरं असं की कल्पना मागितली की येत नाही. ती दुसऱ्या कामाला निघालेल्या माणसाला वाटेत भेटते. विल्यम हॅमिल्टन या गणितज्ञाला क्वाटर्निअनचं सूत्र 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनच्या कालव्याकाठी, बायकोबरोबर चालताना सुचलं. तो कुठे निघाला होता? रॉयल आयरिश अकॅडमीच्या बैठकीला, अध्यक्ष म्हणून. बैठकीत काय ठरलं हे कोणाला आठवत नाही. वाटेतलं सूत्र आज संगणकाच्या पडद्यावरच्या वस्तू गरागरा फिरवतं. ते विसरू नये म्हणून त्याने पुलाच्या दगडावर चाकूने कोरून ठेवलं. आपल्याकडेही किल्ल्यांच्या दगडांवर पुष्कळ कोरलेलं असतं, पण त्यात बाण लागलेल्या बदामापलीकडे गणित नसतं.

सपाटीबद्दल मुंबईकर चिडतील, कारण त्यांच्या वाट्याला शिवाजी पार्क. जेमतेम सव्वा किलोमीटरचा फेरा, एकही चढ नाही, आणि वाट वर्तुळाची, त्यामुळे राजकारणावरची चर्चा जिथून निघाली तिथेच फिरून येते. डार्विनही घरामागच्या वाळूच्या वाटेवर असाच गोल फिरायचा. वळणावर गारगोट्या रचून ठेवायचा आणि दर फेरीला एक पायाने उडवायचा. पण तो सहसा एकटा असायचा, आणि एकट्याला अध्यक्ष लागत नाही. घोळक्याला सपाटीवर सोडलं तर काय होतं याचा मुंबईतच घडलेला दाखला आहे. 13 मार्च 1995 रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या एका बागेत पाच जण जमवून हास्य क्लब काढला. सुरुवातीला सगळे गोलात उभे राहून आळीपाळीने विनोद सांगत. दोन आठवड्यांच्या आत चांगले विनोद संपले आणि उरले ते चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं, आणि ती युक्ती जगभर गेली. गोलात उभं राहून आळीपाळीने, म्हणजे नेमका डील आणि स्ट्रोबेंनी सांगितलेला सापळा. त्यातून सुटका झाली ती सर्जनशीलता सोडून दिल्यावर. मी हास्य क्लबाची थट्टा करत नाही. मैदान सपाट असेल तर एवढीच वाट उरते असं माझं मत आहे.

इथे कोणी तरी नक्की म्हणणार की यात नवं काय, आपल्याकडे हे पूर्वापार आहे. आहेच. कापणीला ओळीने वाकलेली माणसं भलरी गायची, मोट हाकणारा मोटेवर गायचा. पहाटे जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी दळता दळता ओव्या रचत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नातून खेडोपाडी जमवलेल्या अशा ओव्या लाखाहून अधिक भरल्या, आणि त्यांतल्या कुणाला टी-शर्ट मिळाला नव्हता. वारकरी तर अठरा-वीस दिवस चालतो आणि गातो. आता व्यायामाचे डॉक्टर ‘बोलून बघण्याची’ एक कसोटी सांगतात: मध्यम व्यायामात माणसाला बोलता यावं, पण गाता येऊ नये, गाता येत असेल तर जोर कमी पडतोय. या कसोटीवर टाळ कुटत, गात आळंदीहून पंढरपूरला जाणारी साठीची बाई व्यायामच करत नाही असं ठरतं. कसोटी बदलावी हे बरं. पण या जुन्या दाखल्यांचा आणि टेकडीचा फरकही सांगायला हवा. जात्याची किंवा शेताची गाणी एका तालावर चालतात. श्रम सगळ्यांचे सारखे, श्वास सगळ्यांचा सारखा, म्हणून एकीने टाकलेली ओळ दुसरी उचलू शकते. आणि दळण कोणी हौसेने मांडत नव्हतं. टेकडीवर आठ जणांचे आठ श्वास. तिथे गाणं होणार नाही, एकमत त्याहून नाही. तिथे कल्पना होतात.

राहिला शेवटचा आणि सगळ्यांत झोंबणारा आक्षेप: या कल्पनांचं पुढे होतं काय? बहुतेकांचं काही होत नाही, आणि शहराने त्याबद्दल आभार मानावेत. पण सगळ्यांचंच काही होत नाही असंही नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि बोगदे वेताळ टेकडीच्या अंगावर आले, तेव्हा टेकडी वाचवायला जी मंडळी उभी राहिली त्यांत रोज तिथे चालणारे होते, आणि विरोध दाखवायलाही ती चालतच निघाली. ज्या घोळक्याने सकाळच्या चढावर शहरभर उड्डाणपूल बांधले, त्याला स्वतःच्या पायाखाली मात्र एकही रस्ता नको होता. यात विसंगती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी अध्यक्षाची खुर्ची कुदळीने फोडायला कुठली सभा मंजुरी देते ते सांगावं.

बाकीच्या कल्पनांची वासलात उतारावर लागते. उतरताना दम लागत नाही. श्वास परत येतो, श्वासाबरोबर पोटवाक्यं येतात, पोटवाक्यांच्या शेवटी तुंबलेली सगळी ‘नाही’ येतात. चढताना बांधलेला प्रत्येक पूल उतरताना एकेक करून कोसळतो. वरच्या वळणावर ‘खर्च कोण देणार’, मधल्या वळणावर ‘हे 80 सालीच सांगितलं होतं’, आणि पायथ्याशी ‘पण तुम्ही तर हो म्हणालात’ ‘कधी? मी पटलेली नाही म्हणालो’. ऑस्बॉर्नलाही हेच हवं होतं. कल्पना काढायची वेळ वेगळी आणि तपासायची वेगळी. फरक इतकाच की त्याला दोन बैठका घ्याव्या लागत, आणि इथे एकाच वाटेची दोन टोकं पुरतात. टपरीवर पोहोचेपर्यंत आठांच्या चाळीस कल्पनांतली एखादी जगलेली असते, कधी तीही नसते. आठ कटिंग येतात, ग्लासांवर बोटं शेकली जातात, वाहतुकीचा प्रश्न पूर्ववत होतो. मग टपरीवाला पैशांसाठी हात पुढे करतो आणि आठही जणांच्या बुटांच्या नाड्या एकदम सुटतात.